अर्धा चमचा गाऱ्हाणं

मुदत संपलेली औषधं कंपनीला परत पाठवता येतात. किस्से परत घेणारी कंपनी अजून निघालेली नाही! आमच्या गावच्या नाक्यावर माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून हे मी अनुभवाने सांगतो. मी साधा केमिस्ट, पण गाव मला 'डॉक्टर'च म्हणतं, आणि डॉक्टरला सगळं सांगायचं असतं अशी गावाची समजूत आहे. त्यामुळे गोळ्या जातात आणि किस्से साठत राहतात. त्यातले निम्म्याहून जास्त एकाच घरातून आलेले. विलास परबाच्या.

विलास जहाजावर इंजिनीयर होता. जन्मभर इंजिनरूमच्या धडधडाटात काढल्यावर माणसाने निवृत्त होऊन गप्प बसावं की नाही? छे! हा मालवणात उतरला तो हेडफोनच्या खोक्यांसकट. आता दर रविवारी दुपारी, बांगड्याची आमटी जिरवायला म्हणून, आम्ही तिघं त्याच्या ओसरीवर जमतो. एक मी. दुसरे आग्नेल सर, चर्चच्या क्वायरला शिकवतात, स्वतः व्हायोलिन वाजवतात, आणि कोणी बेसूर गायलं तर त्यांना खरोखर दाढ दुखल्यासारखं होतं. तिसरे तात्या, विलासचे शेजारी. आम्ही स्वतःला 'कानसेन मंडळ' म्हणवून घेतो. विलासची बायको मंगलवहिनी 'कानबंद मंडळ' म्हणते, कारण ती आतून हाक मारते तेव्हा आमच्यापैकी एकालाही ऐकू जात नाही.

तात्यांबद्दल जरा जास्त सांगायला हवं. तात्यांची माडा-पोफळींची बाग आहे, पण गावात त्यांचा मान आहे तो गाऱ्हाण्यामुळे. जत्रेच्या सकाळी देवासमोर उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने मागणं मागायचं काम त्यांचं. एकेक मागणं मागून तात्या थांबणार, आणि सगळा गाव एका आवाजात म्हणणार, "व्हय म्हाराजा!" खरी गंमत त्या थांबण्यात आहे. लोक शब्द फारसे ऐकत नाहीत. तात्या थांबले की 'व्हय म्हाराजा' आपोआप तोंडातून बाहेर पडतं.

गेल्या जत्रेला मात्र घोळ झाला. लोकांचं 'व्हय' चालू असतानाच तात्यांनी पुढचं मागणं सुरू केलं. मग एकदा लोक म्हणून मोकळे झाले तरी तात्या आपले उभेच, उत्तराची वाट बघत. गावात कुजबुज झाली. मी दुकानात त्यांना हळूच म्हटलं, "तात्यानू, कानाचा मशीन लावून बघूया काय?"

"मशीन? माका?" तात्या उसळले. "माजे कान बरे आसत. तुमीच हल्ली बारीक बोलतास!"

थोडं कमी ऐकू येत असेल, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

*

विलासने पहिले मोठे हेडफोन आणले तेव्हाची गोष्ट. वाटीएवढे दोन कान, मागून जाळी, लाकडी कडा. आम्ही पाळीपाळीने डोक्यावर चढवले. मोबाइलला जोडले होते. गाणारी बाई शेजारच्या वाडीत गाते आहे असं वाटत होतं!

"ह्येच्यापेक्षा माज्या क्वायरातली पोरां बरी," आग्नेल सर म्हणाले.

विलास खूश झाला. त्याला तेच हवं होतं. "अरे, ह्येंका ॲम्प्लिफायर लागता! मोबाइलात जोर खंय? विहीर खोल आणि पंप बारको, पाणी वर येतला कसा?" आणि त्याने टेबलावरचं फडकं दूर केलं. खाली व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर! काचेचे दोन दिवे आत लालसर पेटलेले, आणि पेटीला हात लावला तर चटका.

मग त्याने हेडफोन त्याला जोडले. तीच बाई, तेच गाणं, पण आता ती समोरच्या झोपाळ्यावर येऊन बसली होती. तान घेण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. आग्नेल सरांनी डोळे मिटले, आणि ते उघडायला त्यांनी बराच वेळ घेतला.

मंगलवहिनी दारात उभी होती. "म्हणजे हेडफोनाक पण मागसून ढकलूचा लागता?" ती म्हणाली. "मग हे आमच्या घरात बरे शोभतत!"

*

विलासला नंतर इंटरनेटवरचे रिव्ह्यू वाचायची सवय लागली. मग काय, 'वॉर्म', 'ब्राइट', 'एअरी' असले शब्द ओसरीवर फिरायला लागले. आम्हाला ते काही झेपेनात, म्हणून आम्ही आमचे केले. खालचे सूर जाड घावनासारखे गुबगुबीत असतील तर 'खापरोळी'. वरचे सूर टोचायला लागले तर 'काटो लागलो'. सगळंच पाणचट असेल तर 'दुसऱ्या वेळची सोलकढी'. तात्या मात्र कुठलेही हेडफोन घाला, कुठलाही ॲम्प लावा, शांतपणे ऐकून एकच अभिप्राय देत: "बरा आसा."

अशात एका रविवारी आग्नेल सर लवकर आले. पाऊस चांगला लागून राहिलेला, हवेत नुसती ओल. विलास आत कपडे बदलत होता. सरांनी आपणच हेडफोन चढवले आणि डोळे मिटून बसले. मी पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"डॉक्टर, आज काय तरी येगळा आसा," ते म्हणाले. "विलासान व्हॉल्व्ह बदललेले दिसतत. सगळो दर्यो जवळ इल्यासारखो वाटता. वाससुद्धा येता रे!"

मी म्हटलं, सर आता खरे रिव्ह्यूवाले झाले! मीही हेडफोन लावले. आणि खरंच हो, समुद्र! खारट, जवळचा, अगदी नाकात शिरणारा. विलास बाहेर आला, त्याने लावले, त्यालाही तेच. "स्टेज रुंद झाला," तो रिव्ह्यूच्या भाषेत गंभीरपणे म्हणाला.

तेवढ्यात मंगलवहिनी आली आणि ॲम्प्लिफायरच्या मागून तिने एक थाळी उचलली. थाळीत वाळत घातलेली कोळंबी होती, सोडे!

"पावसात सुकणत नाय ना रे," ती म्हणाली. "ह्या तुमच्या शेगडेर बरे सुकतत."

सोड्यांची भाजी आम्हाला त्याच रात्री पोचली. आग्नेल सरांनी ती खाऊन निरोप धाडला, "बरा आसा."

*

तात्यांना आम्ही पंच नेमलं ते त्यांच्या त्या एका वाक्यामुळे. विलासचं म्हणणं, ज्याला रिव्ह्यू वाचता येत नाहीत त्याचाच कान खरा. त्याने एक नवी केबल मागवली होती आणि तिने आवाज किती निवळतो ते त्याला सिद्ध करायचं होतं. तात्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधला. पहिल्यांदा छोटा ॲम्प.

"बरा आसा."

मग व्हॉल्व्हचा ॲम्प.

"ह्या पण बरा."

मग व्हॉल्व्हचा ॲम्प आणि वर नवी केबल. तात्या जरा जास्त वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी हात वर केला. "ह्या सगळ्यात बरा! एकदम निवळ! कसलीच खरखर नाय!"

विलासने टाळी मारली! "बघलास? सांगत नव्हतंय? केबल! केबलीत सगळा आसा!"

पण आग्नेल सर हसत नव्हते. ते वाकून भिंतीकडे बघत होते. ॲम्प्लिफायरचा प्लग जमिनीवर पडलेला होता. त्याच्या जागी मंगलवहिनीने मिक्सर लावला होता, आणि दाराच्या आतल्या बाजूला ती वाटप वाटत होती. हेडफोन मागून जाळीचे, बाहेरचं सगळं आत येणारे. तो मिक्सर असा ओरडत होता की आम्ही एकमेकांशीही ओरडूनच बोलत होतो.

तात्या पंच्याखाली प्रसन्न हसत होते. "कसलीच खरखर नाय," ते पुन्हा म्हणाले.

विलासने कसंबसं हसू आवरलं. मला ते आवरेना. पण त्या दुपारी घरी जाताना सर मला म्हणाले, "डॉक्टर, ता गाऱ्हाणा जातला हां तेंच्या हातातसून." आणि मला एकदम वाईट वाटलं. तात्यांना त्या एका सकाळसाठी वर्षभर घसा जपताना मी पाहिलेलं आहे. जत्रेआधी महिनाभर ते माझ्याकडून ज्येष्ठमध नेतात.

*

आता भास्कर. भास्कर हा तात्यांचा पुतण्या, आणि मंडप-साऊंडचा मोठा धंदेवाला. फोंडाघाटापर्यंतची लग्नं त्याच्याकडे. देवळातला लाउडस्पीकरही त्याचाच. माणूस तसा वाईट नाही, पण त्याचे स्पीकर सुरू झाले की माडावरचे नारळ आपोआप उतरतात, आणि तो ते अभिमानाने सांगतो.

एका रविवारी तो ओसरीवर आला. हेडफोन उलटेसुलटे करून बघितले. "किती वॅट?"

विलासने सांगितलं. एका वॅटचा छोटासा अंशसुद्धा पुरे होतो म्हणाला.

"एक वॅट पण नाय?" भास्कर हादरला. त्याने हेडफोन लावले, थोडं ऐकलं, काढले. "विलासदादा, ह्येच्यान कोंबयेच्या पोटात सुद्धा धडधडूचा नाय!"

मंगलवहिनी चहाचा ट्रे घेऊन आली. तात्या कोपऱ्यात आरामखुर्चीत होते. भास्करने संधी साधली. खुर्चीशी वाकून, अदबीने, पण त्याच्या नेहमीच्या मानाने फार हळू आवाजात तो म्हणाला, "काकानू, एक इचारू? येंदा मी घालू काय गाऱ्हाणा? तुमका त्रास कित्याक?"

तात्यांनी ट्रेकडे बघितलं. साखरेच्या वाटीकडे बघितलं. भास्करकडे बघून मायेने हसले.

"घाल रे, घाल," ते म्हणाले. "पण अर्धोच चमचो हां. डॉक्टर ओरडतत."

आमच्यापैकी कोणी तोंड उघडायच्या आत भास्करने काकांच्या पायांना हात लावला आणि तो निघूनसुद्धा गेला. चहा तसाच! तात्या बघत राहिले. "साखर घालीन म्हणालो आणि गेलो खंय ह्यो?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. काकांनी आपल्या तोंडाने सांगितलं, घाल! खरं काय झालं ते सांगावं, तर तात्यांचे कान चव्हाट्यावर येणार.

*

पुढच्या रविवारी तात्या आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही तिघं त्यांच्या घरापुढच्या खळ्यात गेलो तर ते पायरीवर बसलेले, हातात ज्येष्ठमधाची कांडी, चघळत नव्हते, नुसती धरलेली. आम्हाला बघून म्हणाले, "अर्ध्या चमच्या साखरेक माजा गाऱ्हाणा गेला रे!"

हसू येण्यासारखं वाक्य होतं. कोणी हसलं नाही.

मग त्यांनी स्वतःच सांगितलं. कान कधीपासूनच कमी झाले आहेत. मशीन लावलं की गाव म्हणणार, ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो देवाला काय ऐकवणार? "बोलूक माका अजून येता," ते म्हणाले. "पण गाव 'व्हय' म्हणता काय नाय, ताच कळणा नाय. मग मी थांबू खंय?"

आग्नेल सर त्यांच्या शेजारी बसले. क्वायरमध्ये मुलं एकमेकांना ऐकत नसली की काय होतं हे सरांइतकं कोणाला माहीत नाही. सरांनी विलासकडे पाहिलं. विलास माझ्याकडे पाहत होता. तिघांच्याही डोक्यात तोच ॲम्प्लिफायर आला होता!

दुसऱ्या दिवशी ओसरीवर चाचणी. विलासने एक मायक्रोफोन स्वयंपाकघराच्या दारात ठेवला, तो ॲम्पला जोडला, आणि तात्यांच्या डोक्यावर ते मोठे हेडफोन चढवून आवाज हळूहळू वाढवायला घेतला. थोडा, आणखी थोडा. तात्यांचा चेहरा नेहमीचा, 'बरा आसा' म्हणायच्या तयारीतला.

आत मंगलवहिनीने फोडणी टाकली.

तात्या दचकले. मान वळवून दाराकडे बघत राहिले. "मोहरी?" ते म्हणाले. "मोहरी ना गो ती? खंय होतो रे ह्यो आवाज इतके दिवस?" आणि त्यांचे डोळे भरून आले. विलास उगाचच ॲम्पवर धूळ आहे का ते बघायला लागला.

पण मंगलवहिनीला आमचा बेत कुठे माहीत होता! ती आपली कढईशी बोलत होती. "इले परत सगळे! आता चाय व्हयी. त्या तात्यांका म्हणाक व्हया, येताना बागेतलो एक नारळ तरी हाडा. नुसतेच येतत!"

"हाडतंय गो उद्या!" तात्या ओसरीवरून गरजले. "दोन हाडतंय!"

आत कढई पडल्याचा आवाज आला. तो ऐकायला आम्हाला ॲम्प्लिफायर लागला नाही.

*

देवस्थानच्या मंडळींनी मध्यम मार्ग काढला. सुरुवात तात्यांनी करायची. अडखळले तर भास्करने पुढे न्यायचं. त्यामुळे जत्रेच्या सकाळी भास्कर नवा सदरा घालून तयार होता, आणि आम्हीही.

मोठे हेडफोन देवळात न्यायची सोय नव्हती. म्हणून विलासने त्याच्याकडचे सगळ्यात लाडके, कानाच्या आत बसणारे काढले. पावट्याच्या दाण्याएवढे. वरून तात्यांनी असा फेटा बांधला की कान गेले कुठे ते त्यांनाही सापडू नये. वायर पाठीवरून सदऱ्याच्या आत. विलास खांबामागे पिशवी घेऊन बसला होता, पिशवीत बॅटरीवरचा छोटा ॲम्प, हात आवाजाच्या बटणावर. आणि मायक्रोफोन? तो आग्नेल सरांनी पहाटे येऊन लोकांच्या बाजूच्या खांबावर, आंब्याच्या टाळ्यात, म्हणजे सजावटीच्या पानांच्या डहाळीत, बांधला होता. "देव समजून घेता," ते म्हणाले. "तुमचो पण, आमचो पण."

देऊळ भरलं. पुढे बोलायला भास्करने मांडलेला माइक, त्याचा आवाज बाहेर पेठेपर्यंत जाणारा. भास्कर स्वतः लोकांत उभा राहिला, नेमका त्या आंब्याच्या टाळ्याखाली.

तात्यांनी हातात नारळ घेतला. घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! आज ही सगळी तुजी लेकरां तुज्या पायाकडे गोळा झाली आसत. तेंच्या हाताक यश दी, आणि घरादारावर नजर ठेव रे म्हाराजा!"

तात्या थांबले.

"व्हय म्हाराजा!"

मी श्वास धरून बघत होतो. शेवटचा आवाज विरला, आणि तेव्हाच, नेमकं तेव्हाच, तात्यांनी पुढचं मागणं सुरू केलं. आग्नेल सरांनी माझा दंड दाबला. दुसरं मागणं, "व्हय म्हाराजा!" तिसरं, "व्हय म्हाराजा!" कुठे घाई नाही, कुठे खोळंबा नाही. म्हाताऱ्याचा आवाज असा लागला होता की अंगावर काटा आला.

भास्करला राहवेना. तो शेजाऱ्याच्या कानाला लागला. ते काय बोलणं झालं ते आम्हाला कोणालाच ऐकू आलं नाही. शेजाऱ्याने नंतर सांगितलं ते असं: "आता चुकतलो बघ. चुकलो काय मी पुढे होतंय. कानान ठार बहिरो झालो हा म्हातारो."

चौथ्या मागण्याला तात्या किंचित थबकले. मान न वळवता त्यांनी नारळ जरा उंच धरला.

"बा देवा म्हाराजा! आणि थंय टाळ्याखाली जा तुजा एक लेकरू नवो सदरो घालून उभा आसा, मी कधी चुकतंय म्हणान वाट बघता, आणि माका ठार बहिरो म्हणता, तेच्या पोटात जा काय कालवता ता काढून टाक, आणि तेचा सुद्धा बरा कर रे म्हाराजा!"

आणि तात्या थांबले.

"व्हय म्हाराजा!!"

सगळ्यांत मोठा आवाज भास्करचा! सवयीने, मनापासून, छाती भरून, आणि सरळ मायक्रोफोनच्या तोंडात. म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हटलं, पण तोवर तो आवाज वायरीतून, पिशवीतून, विलासच्या ॲम्प्लिफायरमधून जायचा तिथे जाऊन पोचला होता.

तात्या जागच्या जागी उडाले. नारळ काखेत गेला, दोन्ही हात फेट्यावर. समोर भास्करचा माइक चालू आहे हे विसरून ते खांबाकडे वळून ओरडले, आणि ते सगळ्या पेठेने ऐकलं:

"विलास, बारीक कर रे मेल्या! कान फुटले माजे!"

आणि तात्या थांबले.

"व्हय म्हाराजा!!!"